भुलीआधीचं मंजन

माझा आवाज मोठा. माहेरी त्यावरून बोलणी खाल्ली. सासरी आले तर सासूने पहिल्या आठ दिवसांतच बजावलं, "बाई, हळू बोलत जाय. गावाले वाटन आपल्या घरी भांडण लागलं." पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्याच सासूचे कान गेले आणि तिला ऐकू येईल असा घरात एकच आवाज उरला, तो माझा. देवालाही कधीकधी गंमत सुचते.

आमचं गाव आमगावजवळ. थोडी धानाची शेती, आणि मी गावच्या अंगणवाडीत सेविका. आमचे हे इतकं हळू बोलतात की बैलालाही दोनदा सांगावं लागतं. सासूसाठी कानाचं मशीन आणलं होतं. तिने ते दोन दिवस लावलं आणि "पंख्याचाच आवाज येते, माणसाचा नाही येत" म्हणून डब्यात टाकलं. त्यामुळे गावात कोण गेलं, कोणाकडे पाळणा हलला, मालिकेतल्या सुनेने आज काय दिवे लावले, हे सगळं तिला माझ्या तोंडून कळायचं. तोटा एवढाच की आमच्या घरात गुपित असं काही राहतच नसे. मी सासूला सांगितलं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगितलं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला माझ्या गळ्यात गाठ दिसायला लागली. आधी लिंबाएवढी होती, मग वाढली. रात्री उताणं झोपलं की श्वास अडकायचा. गोंदियाच्या एका दवाखान्यात नागपूरचे गळ्याचे डॉक्टर शनिवारी येत. त्यांनी तपासण्या केल्या, फोटो काढले, सुई घालून पाणी काढून पाहिलं. "गाठ साधी आहे. पण श्वासनलिकेला दाबते आहे, काढावीच लागेल," ते म्हणाले. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात पुढचं बोलले, "आवाजाची नस गाठीच्या मागून जाते. आम्ही जपतो. तरी क्वचित आवाज बसतो. बहुतेकदा काही महिन्यांत येतो. क्वचित येत नाही."

खरं सांगते, मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही, आवाजाची वाटली. परतीच्या पॅसेंजरमध्ये मी खिडकीजवळ गप्प बसून होते आणि मनात एकच चाललं होतं: आवाज गेला तर म्हातारीशी कोण बोलेल? ती घरात असून एकटी पडेल. अंगणवाडीतली पोरं काय, घंटी वाजवूनही बसतील. म्हातारीला काय वाजवून दाखवू?

घरी येऊन तिला सांगितलं. अर्थातच गल्लीने ऐकलं. शेजारीण लगेच हळदीचा हात पुसत दारात येऊन उभी राहिली. सासूने माझी गाठ बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "काढून टाक. जीव राहिला त आवाजाचं पाहू." मी म्हटलं, मग आपण खुणा ठरवून ठेवू, हात असा केला की जेवण, असा केला की पाहुणे. तर भडकली. "खुणा कायले? मी का मुकी आहो?" मुकी मी होणार होते, पण तिच्यासमोर ते कोण बोलणार!

ऑपरेशन धान कापणीनंतर ठरलं. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तपासणी. हे डॉक्टर गोंदियाचेच, केस पांढरे, बोलणं हिंदी. तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली, मान मागे झुकवून पाहिली. "नळी इथूनच घालायची ना, रस्ता पाहून ठेवतो," असं हिंदीत म्हणाले. मग प्रश्न. बीपी? शुगर? दमा? आधी कुठलं ऑपरेशन?

"तंबाकू, बीड़ी, खर्रा, गुटखा?"

मला रागच आला. "साहेब, मी अंगणवाडी सेविका आहो! गरोदर बायांना मी स्वतः सांगतो, तंबाखू खाऊ नका म्हणून. आमच्या भिंतीवर बोर्ड लावला आहे."

"बहुत अच्छा," ते म्हणाले आणि कागदावर 'नाही' लिहिलं.

मी खोटं बोलले नव्हते, देवाशपथ. आता तुम्ही दुसरीकडचे असाल तर तुम्हाला गुडाखू सांगावा लागेल. आमच्याकडे छत्तीसगड जवळ, तिकडून आलेली ही सवय. छोटी गोल डबी, आत काळपट ओला लगदा. बोटावर घ्यायचा, दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. सकाळी उठल्यावर, दुपारी जेवणानंतर, आणि चार बाया एकत्र बसल्या की केव्हाही. थोडं गरगरतं, बरं वाटतं, आणि पोट साफ होतं, हे मुख्य. पुरुष खर्रा खातात, तो तंबाखू. बाया गुडाखू करतात, ते दात घासणं. असंच आम्ही धरून चाललो होतो. डबीवर तंबाखू लिहिलेलं असतं, मला वाचताही येतं, पण बाई, दात घासायच्या वस्तूवरचं कोण वाचतं? मला हे सासूने लावलं होतं, नवी नवरी असताना, दाढ दुखत होती म्हणून. तेव्हापासून सकाळची पायरीवरची जागा आम्हा दोघींची. एक डबी, दोन बोटं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झाले. सासू सोबत आलीच, नको म्हटलं तरी. सिस्टरने सांगितलं, रात्री दहानंतर अन्न नाही, सकाळी पाण्याचा थेंबही नाही. मी इतकी शिस्तीची की रात्री नऊलाच तोंड बंद केलं. हातातल्या बांगड्या काढल्या. जोडवी साबण लावून काढली. नथनी निघता निघेना, तर सिस्टरने काढली आणि डोळ्यांत पाणी आणलं. यांनी फॉर्मवर सही केली. सगळं कसं नीट.

पहाटे सासूने हलवलं. "चाल, दात घास. तोंडाचा वास येते. डाक्टर का म्हणन?"

मला ते पटलं. दवाखान्याच्या मागच्या नळाजवळ दोघी बसलो. भीतीने रात्रभर झोप नव्हती, म्हणून बोटावर जरा जास्तच घेतला. घासला, बरं वाटलं, थुंकी काही टाकली, काही गिळली. चूळ भरताना मात्र जपलं हो, पाणी पोटात जाऊ नये म्हणून! आपण किती समजदार, असं वाटून घेतलं.

टेबलावर घेतलं तेव्हा भुलीचे डॉक्टर माझ्या बोटाला चिमटा लावून मशीनकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतनी धड़कन क्यों भाग रही है?" मग वाकून म्हणाले, "मुंह खोलो." मी उघडलं. त्यांनी वास घेतला, हिरडी पाहिली आणि सरळ उभे राहिले.

"सुबह क्या किया?"

"काहीच नाही साहेब. फक्त दात घासले."

"किससे?"

"गुडाखूने."

मी इतक्या सरळ सांगितलं की कोपऱ्यातली सिस्टर फसकन हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हातमोजे काढले. "बाई, वो तंबाकू है. तंबाकू और गुड़. तुम्हारी सांस की नली पहले ही दबी हुई है. गला सिकुड़ गया तो मैं नली किधर से डालूं? और जो निगला, वो पेट में है." ते ओरडले असते तर मी परत ओरडले असते. ते हळू बोलले, त्यानेच मेले. "तीन हफ्ते. एक उंगली भी नहीं. तब लूंगा."

चाकाच्या खाटेवरून आत गेले होते, पायी बाहेर आले. आमच्या ह्यांना वाटलं ऑपरेशन झालंसुद्धा! सासूला सगळं मोठ्याने सांगावं लागलं आणि अख्ख्या वॉर्डाने ऐकलं की अंगणवाडीची बाई गुडाखू घासून ऑपरेशनला आली. शरमेने जीव नकोसा झाला. ज्या बायांना मी उपदेश करत होते त्यांचे चेहरे एकेक आठवायला लागले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात; मला ऑपरेशनच्या टेबलावरून उतरवावं लागलं.

 गावात उतरल्यावर सासूने कमरेची डबी काढली आणि उकिरड्यावर भिरकावली. मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? तुमचं ऑपरेशन आहे का? तर म्हणे, "घरात डबी राहिली त तू घासशील. मीच लावली तुले, मीच सोडवतो."

चाळीस वर्षांची सवय तिची, माझी वीसेक. काय सांगू ते तीन आठवडे! डोकं दुखायचं, हात थरथरायचे, कशातच मन लागायचं नाही. पोट तर दोघींचंही संपावर गेलं. कडुलिंबाच्या काड्या चावून तोंड कडू, बोलणं त्याहून कडू. भात मऊ झाला म्हणून भांडलो, भात मऊ झाला नाही म्हणून भांडलो. सहाव्या दिवशी मी उकिरड्याकडे गेले. हो, डबी शोधायला गेले, लपवायचं काय त्यात! तर तिथे सासू आधीच काडीने उकरत उभी. एकमेकींकडे पाहिलं आणि जे हसलो, ते पोट धरून. नंतर तिने डबी नाल्यात फेकली, दोघींच्या डोळ्यांदेखत.

डॉक्टरांनी श्वासाचा व्यायाम दिला होता. प्लास्टिकचं खेळणं म्हणा, तीन नळ्या, आत तीन गोळे, नळी तोंडात धरून श्वास ओढला की गोळे वर जातात. मला पहिल्या दिवशी एकच उचलता आला. सासू पाहत होती. "आण इकडे," म्हणाली, ओढला, आणि दोन गोळे टणकन वर! त्या दिवसापासून माझ्या मानेवर भूत बसलं. हरायचं नाही. अंगणवाडीतून आले की पदर खोचून बसायची. दुसऱ्या आठवड्यात दोन उचलले, तिसऱ्यात तीन, आणि ते दाखवायला तिला शेजारच्या अंगणातून ओढत आणलं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा थंडी चांगली पडली होती. पहाटे सासूने हलवलं, साध्या पाण्याची चूळ भरायला लावली आणि थुंकेपर्यंत तोंडाकडे पाहत राहिली. नळाजवळ दुसऱ्या गावच्या एक बाई बसल्या होत्या, त्यांचंही ऑपरेशन होतं, आणि हातात डबी. "घ्या ना बाई थोडा, भीती कमी होते." मला वास आला. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. मग मी माझा आवाज काढला, शेवटचा असला तर असो म्हणून, "ठेवा ती डबी! तंबाखू आहे तो! मला टेबलावरून उतरवलं होतं यासाठी!" बाईंच्या हातातून डबी पडली. सिस्टर धावत आली. त्या बाईंनी घासायच्या आधीच मी ओरडले म्हणून त्यांचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं, हे नंतर कळलं.

आत भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आज मंजन?"

"चूळ फक्त."

"पक्का?"

"माझ्या सासूला विचारा. पण मोठ्याने विचारा."

आता हसले ते. तोंडाचा वास घेतला, मशीनकडे पाहिलं, मान हलवली. मी त्यांचा हात धरला आणि जे इतके दिवस कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं, "साहेब, आवाज राहील ना? म्हातारीला दुसऱ्या कोणाचं ऐकू येत नाही." त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "मैं और सर्जन साहब दोनों संभालेंगे. वादा नहीं करता, कोशिश पूरी." खोटा धीर दिला नाही, म्हणून माझा विश्वास बसला. हातात सुई गेली. "अब बोलते रहो. अंगनवाडी में बच्चों को कैसे बिठाती हो?"

मी म्हटलं, आवाज आहे तोवर वापरून घ्यावा. छाती भरून श्वास घेतला आणि पोरांना घालते तशी हाक घातली, "चला रे, वट्ट्यावरून उतरा! हात धुवा! रांगेत बसा, ढकलाढकली नाही!" सिस्टर हसत होत्या. कोणीतरी खरंच हात धुवायला नळ सोडला. हाताकडून थंडावा वर चढत आला. पुढे 'ताटल्या घ्या' म्हणायचं होतं, ते राहिलं.

जागी झाले तर गळ्याला पट्टी, घशात काटे. नागपूरचे सर्जन वाकून म्हणाले, "नाव सांगा." मी सांगितलं. हवा गेली, आवाज नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा हवा. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. ते म्हणाले, "नस शाबूत आहे, मी डोळ्यांनी पाहिली. दुखावली आहे, थकली आहे. वाट पाहा. जोर लावू नका." सासू खाटेशी आली. मी ओठ हलवले, "माय." तिने कान माझ्या तोंडाला लावला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

घरी आल्यावर घर किती शांत असतं ते मला कळलं. सासू टीव्हीसमोर बसायची आणि माझ्याकडे पाहायची, आणि मी काही सांगू शकायची नाही. आमचे हे तिला सांगायला जात, तर तिला त्यांचं ऐकू येत नसे, आणि दोघं मायलेक हात हलवत बसत. मला रडू यायचं.

महिनाभराने आवाज थोडा फुटायला लागला, फाटक्या ढोलासारखा. किती फुटला ते कसं समजायचं? मी ठरवलं, मोजमाप म्हणजे सासू. रोज सकाळी ती अंगणात पाठ करून बसायची, सुपाने काही ना काही पाखडत. जोर लावायचा नाही म्हणून दिवसभरातलं मोठ्याने बोलणं एवढंच: मी मागे उभी राहून एकदाच हाक मारायची, "माय!" ऐकू आलं तर ती न वळता हात वर करायची. पहिल्या दिवशी हातभर अंतरावरून हात वर झाला. आठवड्याने अंगणातल्या चुलीपासून, मग दारापासून, मग पार विहिरीपासून! मी नाचायचीच बाकी राहिले. गोंदियाला दाखवायला गेले तेव्हा सर्जनना घोगऱ्या आवाजात ऐटीत सांगितलं, विहिरीपासून ऐकू जाते म्हणून. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "एक बाजू अजून फारच कमी हलते. इतकं ऐकू जायला नको. पण छान आहे." मला वाटलं, दुर्बीणच चुकली असेल.

फाल्गुन लागला होता. सासू लाखोरीची डाळ पाखडत बसली होती, सूर्य माझ्या पाठीशी. मी विहिरीजवळ उभी राहिले, हाक मारायला तोंड उघडलं, आणि ठसका लागला. तोंडावर पदर धरून उभी होते, हूं की चूं केलं नव्हतं.

सासूचा हात वर गेला. "ओ! आयकू आलं वं!"

मी खाली पाहिलं. माझी सावली विहिरीपासून लांब पसरत थेट तिच्या सुपावर पडली होती. रोज पडत होती. म्हणजे इतके दिवस म्हातारी सावली पाहून हात वर करत होती आणि मी पेढे वाटायला निघाले होते!  मग जो राग आला, तो डोक्यात गेला. डॉक्टरांचं 'जोर लावू नका' गेलं चुलीत.

"खोटं काऊन सांगत होत्या वो माय तुमी!"

झाडावरचे कावळे उडाले. शेजारीण दारात आली. आवाज फाटका होता, पण होता, पूर्ण होता, छातीतून निघालेला होता. सासूचं सूप थांबलं. हात वर गेला नाही. ती हळूहळू मागे वळली, तोंड उघडं, एक हात कानावर.

"हे," ती म्हणाली, "हे खरं आयकू आलं."

तिच्या सुरकुत्यांतून पाणी वाहायला लागलं. "तू हिंमत हारशील म्हणून हात करत होतो वं. मले काईच येत नोतं आयकू. दोन महिने काईच नाही."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण राग काही उतरेना, आणि खरं म्हणजे मला थांबायचंच नव्हतं. मी तशीच विहिरीजवळ उभी राहून तिच्यावर ओरडत सुटले: खोटारडेपणाबद्दल, सर्जनसमोर केलेल्या फजितीबद्दल, दोन महिन्यांत गावात कोण मेलं, कोणाकडे मुलगी झाली, मालिकेत त्या सुनेचं पुढे काय झालं, सगळं. ती सूप मांडीवर ठेवून, माझ्याकडे तोंड करून, ऐकत बसली.